लाइनवर कुणीतरी आहे

मापसाहेबांना कुणी रस्त्यात हसून विचारलं, "काय, बरं आहे ना?" तर उत्तर द्यायच्या आधी ते त्या माणसाच्या हातांकडे बघत. तोंडावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. सगळी नोकरी वजनंमापं तपासण्यात गेली. दुकानात शिरायचं, पारड्याखालून हात फिरवायचा, तिथे चिकटवलेला चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा काढायचा आणि दुकानदाराच्या नाकासमोर धरायचा. दूधवाल्याचं भांडं, कापडवाल्याची पट्टी, पेट्रोल पंपाचा आकडा, काही म्हणून सुटलं नाही. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? जगात प्रत्येकाने कुठे ना कुठे शिसं चिकटवलेलं आहे, फक्त ते कुठे आहे एवढं शोधायचं बाकी आहे, असं त्यांचं पक्कं मत होऊन बसलं. त्यांचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. मापसाहेब आले, एवढं म्हटलं की पुरे, सगळे दुकानदार एकदम सभ्य होत.

निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. साबणाची नवी वडी आणली की ती आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायची. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला की हे विचारायचे, "हे यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?" डॉक्टर बिचारे हसण्यावारी न्यायचे. काय बोलणार अशा माणसाला! रक्तदाब जास्त निघाला तर यंत्र खोटं आणि कमी निघाला तर डॉक्टर खोटा.

बायको मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. ती सकाळच्या वेळी एका पाळणाघरात कामाला जायची. तिथे पोरांपासून पोरांच्या आयांपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. एक पोर कडेवर, एक पायाशी आणि तिसऱ्याचं नाक पुसणं चालू, अशा अवस्थेत मावशी सगळ्यात खुशीत असायच्या. त्यांची स्वतःची एकुलती मुलगी लग्न होऊन समुद्रापार गेली होती.

घरातला कॉम्प्युटर त्या मुलीनेच मागच्या खेपेला घेऊन दिला. सोबत मॉडेम नावाचा एक चपटा डबा, त्यावर लाल दिव्यांची ओळ. टेलिफोनची तार त्या डब्यात खोचायची, कॉम्प्युटरवरून नंबर फिरवायचा, मग डबा दात काढणाऱ्या पोरासारखा किंचाळायचा, घरघरायचा आणि एकदाचा गप्प झाला की मुलीचे निरोप यायचे. शिकवायला बसली तेव्हा मुलीने दोघांनाही हाक मारली होती. पण मापसाहेब खुर्चीत बसले ते काही उठले नाहीत. मावशी मागे उभ्या राहिल्या, थोडा वेळ मान वाकडी करून बघितलं आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. तेव्हापासून निरोप बघणं हे मापसाहेबांचं खातं झालं. संध्याकाळी चहा झाला की ते बाहेरच्या खोलीत जात, "मी लावतो गं!" म्हणून ओरडत आणि दार लोटून घेत. तेवढा वेळ टेलिफोन कुणी वापरायचा नाही, असा घरचा कायदाच होता.

इथपर्यंत ठीक होतं. मग मुलीला दिवस गेले. आनंदीआनंद झाला, मावशींनी पाळणाघरात सगळ्यांचं तोंड गोड केलं. चार-पाच महिने गेले आणि एका संध्याकाळी निरोप आला: "बाबा, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. आईला पाठवा. पासपोर्ट आहेच तिचा. मला फार भीती वाटतेय."

मापसाहेबांनी तो निरोप दोनदा वाचला. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची बायको अशीच मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. थोडे दिवस म्हणून गेली, मग नातवात रमली, मग तिकडची हवाच मानवली. तो गृहस्थ आता दुपारी चार वाजता जेवतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून बोलत बसतो. मापसाहेबांच्या मनात आलं, या घरात आपण एकटे? सकाळी उठून कुणाशी बोलायचं? कुणावर चिडायचं? त्यांनी एकेक अक्षर शोधत बोटाने उत्तर टाइप केलं: "तुझी आई नाही म्हणते. तिचे गुडघे दुखतात. विमानाची धास्तीही आहे." आणि बाहेर येऊन मावशींना म्हणाले, "मजेत आहे. तुझी आठवण काढते."

खोटं. दोन्हीकडे सरळसरळ खोटं. वर स्वतःला समजावणं असं, की एवढ्या लांबचा प्रवास हिला झेपला नसताच, आपण तिच्या भल्याचंच केलं.

मुलगी रुसली. महिन्यातून एकदा तिचा फोन यायचा, तो बंद झाला. मावशी विचारायच्या, "फोन का करत नाही हो ती?" मापसाहेब म्हणायचे, "महाग पडतो. निरोप येतात ना रोज, मग फोन कशाला?" मावशींनी आपण होऊन फोन लावावा, तर परदेशच्या फोनला मापसाहेबांनी टेलिफोन खात्याकडून आकड्यांचं कुलूप घालून घेतलेलं. घरकामाला येणारी बाई चोरून फोन करील, असा तेव्हा त्यांचा संशय होता. आकडे एकट्या त्यांनाच ठाऊक. मावशींनी एकदा मागितले, तर म्हणाले, "बघतो, विसरायला झालेत." म्हणजे बघा, दिवस भरत चालले होते, लेक तिकडे आईच्या वाटेकडे डोळे लावून पडली होती आणि इकडे आईला त्याचा पत्ताच नव्हता. मधे फक्त ती तार होती आणि तारेच्या तोंडाशी हा माणूस बसलेला.

आणि नेमकी त्याच सुमारास लाइन मंदावली.

आधी मापसाहेबांना वाटलं, होत असेल एखाद दिवस. पण रोजचंच झालं. जोडणी लागायची झकास, कोपऱ्यात वेगाचा आकडाही चांगला दिसायचा, आणि जरा वेळ गेला की कुणीतरी गळा धरल्यासारखी ती रांगायला लागायची. निरोप आत येताना पडद्यावर निळी पट्टी भरत जाते, ती पट्टी पुढे सरकेचना. मधेच लाइन तुटायची. पुन्हा नंबर, पुन्हा किंचाळणं, पुन्हा रांगणं.

मापसाहेब कामाला लागले. तार काढून फुंकर मारून बसवली. लांब तार बदलून आखूड आणली. तार फ्रिजच्या मागून जाते म्हणून फ्रिज ओढून हातभर सरकवला, त्यात पाठीत उसण भरली. इंटरनेट कंपनीला फोन केला, तर तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, "सर, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा." हे म्हणाले, "बाई, तेवढी अक्कल मलाही आहे." मग तिने कॉल वेटिंग बंद करायला सांगितलं, म्हणजे मधे कुणाचा फोन आला तरी लाइन हलत नाही. तेही केलं. काही फरक नाही. कॉम्प्युटरवाल्याने डबा उलटासुलटा करून सांगितलं, "मॉडेम नवीन घ्या." मापसाहेबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने डबा मुकाट परत दिला.

यंत्रात खोट नाही, तारेत खोट नाही. मग राहिलं कोण? माणूस. मापसाहेबांचं डोकं लगेच आपल्या जुन्या वाटेला लागलं. सुरुवातीला लाइन पळते आणि मग मंदावते, म्हणजे मधे येऊन कुणीतरी लाइनवर बसतंय. कुणीतरी आपलं वाचतंय. हा विचार आला आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या कुणाला आला नसता, पण मुलीला आपण काय लिहिलं हे त्यांना माहीत होतं ना!

एका सकाळी मावशी पाळणाघरात गेल्यावर त्यांनी मुद्दाम लावून बघितलं. लाइन वाऱ्यासारखी पळाली! संध्याकाळी पुन्हा रांगायला लागली. मापसाहेबांनी विचार केला, सकाळी घरी नसतो आणि संध्याकाळी असतो, असा या इमारतीत कोण आहे? उत्तर समोर होतं. वरच्या मजल्यावरचे घड्याळजी. सकाळी दुकान उघडायला जातात, संध्याकाळी येतात. खिशात बारीक बारीक स्क्रू ड्रायव्हर. आणि जिन्याच्या वळणावर, जिथे सगळ्या बिऱ्हाडांच्या टेलिफोनच्या तारांचा डबा आहे, तिथे हा माणूस रोज उभा असलेला दिसतो. सकाळी घरात नसतं असं आणखी कुणी आहे का, याचा विचार करायची त्यांना गरजच वाटली नाही. त्या संध्याकाळी ते जिन्यात दबा धरून उभे राहिले.

"इथे डब्यापाशी रोज काय करत असता?"

घड्याळजी दचकले. "कुठल्या डब्यापाशी? दम खातो, साहेब. एक जिना चढला की छाती भरून येते."

"खिशात स्क्रू ड्रायव्हर आहे."

"घड्याळजीच्या खिशात काय असणार मग, करवत?"

"तुमच्या फोनचा नंबर काय?"

"माझ्याकडे फोनच नाही."

मापसाहेबांचे डोळे चमकले. "तेच म्हणतोय मी! स्वतःकडे फोन नाही, म्हणून दुसऱ्याची लाइन लागते."

घड्याळजी बघतच राहिले. हा माणूस थट्टा करतोय की याला काही झालंय, हे त्यांना कळेना. मग कळलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "तुमची मुलगी माझ्या मांडीवर बसून किती वाजले ते सांगायला शिकली, साहेब," एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरत वर गेले. चोर असा शांत जातो, हे मापसाहेबांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली.

घरात शिरले तर मावशी दारातच उभ्या. सगळं ऐकलेलं. "अहो, काय बोललात हे त्यांना? ते कशाला आपली लाइन घेतील?"

"तुला नाही कळायचं. लाइनवर कुणीतरी बसतंय."

मावशी काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि गप्प बसल्या.

टेलिफोन खात्याला तक्रार गेली, लाइनमन आला. जिन्यातल्या डब्याला आपला हातातला फोन लावून त्याने कान देऊन ऐकलं, तारा घट्ट केल्या, झाकणाचा पडलेला स्क्रू नवा बसवला. "बाहेर काही नाही," तो म्हणाला. "आत दुसरा फोन आहे का?"

"झोपायच्या खोलीत आहे. पण मी लावलेलं असताना त्याला कुणी हात लावत नाही."

"हात लावला तरच असं होतं. तो काढून ठेवून बघा एकदा."

"म्हणजे खोट माझ्या घरात आहे म्हणता?"

"साहेब, मी लाइन बघतो. घरात काय ते तुम्ही बघा," म्हणून लाइनमनने पिशवी उचलली. जाताना तो घड्याळजींना जिन्यात भेटला आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. झालं! दोघे सामील आहेत, हे मापसाहेबांना लगेच कळून चुकलं. झोपायच्या खोलीतला फोन अर्थातच जागच्या जागी राहिला. आपल्या घरावर संशय घ्यायचा म्हणजे काय!

त्या शनिवारी पडद्यावर अक्षरं आली की तीन निरोप वाट बघतायत. पहिलाच भलामोठा होता, बहुतेक फोटो असणार. तो आत आल्याशिवाय मागचे दोन येईनात. निळी पट्टी अर्ध्यावर गेली आणि लाइन तुटली. पुन्हा लावलं, पुन्हा तुटली. मापसाहेब खुर्चीत घामाघूम झाले. फोटो कसला? काही कमीजास्त तर झालं नाही ना तिकडे? त्यांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आणि भीती वाटली की त्यांना राग यायचा. उद्या चोर हातात सापडलाच पाहिजे, असं ठरवून ते जेवायला बसले.

नोकरीत ते एक युक्ती करत. आपला माणूस साधं गिऱ्हाईक म्हणून पुढे पाठवायचा, दुकानदार नेहमीसारखा मापात मारायला लागला की मागच्या दाराने आपण आत. रविवारी दुपारी त्यांनी तेच केलं. घड्याळजींचं दुकान बंद, पाळणाघराला सुट्टी, सगळी इमारत घरात. "मी लावतो गं!" म्हणून नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडले, दार लोटलं, नंबर फिरवला. डबा किंचाळून गप्प झाला, पट्टी सरकायला लागली. मग ते चपला न घालता सामायिक गॅलरीच्या दाराने बाहेर पडले आणि पावलं न वाजवता जिन्याच्या वळणावर जाऊन पोचले.

तिथे कुणीही नव्हतं. डब्याचं झाकण बंद, नवा स्क्रू जिथल्या तिथे. वरून बंद दाराआड घड्याळजींचा खोकला ऐकू येत होता. मापसाहेब गॅलरीत उघडणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाराने परत आत आले आणि पॅसेजमधून जाताना त्यांनी सहज झोपायच्या खोलीत बघितलं.

मावशी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. टेलिफोनचा रिसीव्हर कानाला, बोलायच्या भागावर तळहात घट्ट दाबलेला, आणि नजर टेबलावरच्या गजराच्या घड्याळावर.

मापसाहेब दाराशीच थांबले. मावशींनी त्यांना बघितलं. दुसरी कुणी असती तर रिसीव्हर टाकून उठली असती. यांनी तो सावकाश खाली ठेवला.

"सापडले मी," मावशी म्हणाल्या. "आता तुम्ही बोला."

"तू? तू ऐकत होतीस? कधीपासून?"

"तिचा फोन बंद झाला तेव्हापासून."

"अगं, पण त्यात ऐकण्यासारखं काय आहे? नुसती घरघर असते!"

"मी काही खुळी नाही. शब्द ऐकू येत नाहीत ते मलाही कळतं. पण चालू आहे एवढं तर कळतं ना? घरघर चालली आहे तोवर तिकडून काहीतरी येतंय. थांबली की संपलं. मी घड्याळ समोर ठेवून बसते. कधीकधी पाऊण पाऊण तास येत असतं तिचं. आणि बाहेर येऊन तुम्ही मला काय सांगता? मजेत आहे!" मावशींचा आवाज फाटला. "पाऊण तास माझी लेक तुम्हाला मजेत आहे, मजेत आहे, एवढंच सांगत असते का हो?"

आता सांगा, या माणसाने काय करावं? पायाखालची जमीन सरकावी की नाही? पण नाही. मापसाहेबांचे डोळे लकाकले. त्यांना खोट सापडली होती! इतक्या आठवड्यांची, फ्रिज सरकवायला लावणारी, पाठीत उसण भरवणारी खोट. ते जवळजवळ आनंदानेच ओरडले, "अगं, तूच! तू उचलतेस म्हणून लाइन रांगते! तो लाइनमन सांगत होता. दोन मिनिटांचं काम आहे ते, तू कान लावून बसतेस म्हणून त्याला पाऊण तास लागतो. तुझं मापच खोटं आहे!"

मावशींनी ऐकून घेतलं. जरा विचार केला. त्यांना ते पटलंही.

"बरं," त्या म्हणाल्या. "माझं माप खोटं. तुम्ही माल पुरता देत होतात का?"

बाजारात हजार माणसांना मापसाहेबांनी हाच प्रश्न विचारला होता आणि समोरचा माणूस कसा पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

मावशी वाकल्या, टेलिफोनची तार भिंतीतून उपसली आणि तो फोन तारेसकट उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवला. स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं. "लावा आता. मी शेजारी बसते."

"मी वाचून दाखवतो तुला, तू कशाला—"

"लावा."

डबा किंचाळला, गप्प झाला. निळी पट्टी सरळ टोकापर्यंत गेली. ज्या फोटोने शनिवारभर रडवलं होतं तो बघता बघता पडद्यावर उघडला. एक खोली होती. खिडकीला नवे पडदे, स्वच्छ चादर घातलेला पलंग, उशाशी दिवा, आणि पलंगाला लागून एक छोटा पाळणा, अजून रिकामा. खाली मुलीने लिहिलं होतं: "बाबा, हा फोटो आईला दाखवा. तिच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून खालची खोली तिच्यासाठी केली आहे. आता तरी येईल का, विचारा तिला."

मागचा निरोप एका ओळीचा होता: "आईने फोटो बघितला का? काय म्हणाली?"

तिसरा वाचताना मावशींना चष्मा दोनदा पुसावा लागला. "बाबा, आता आईला विचारू नका. मागे इथे आली होती तेव्हा मी तिला म्हटलं होतं, माझ्या घरात माझ्या पद्धतीने चालू दे. तेच तिच्या मनाला लागलं असणार. गुडघ्यांचं कारण ती माझं मन राखायला सांगते आहे, मला कळतं. नाही आली तरी चालेल. फक्त माझ्यावर रागावू नकोस, एवढं सांगा तिला."

"गुडघे," मावशी म्हणाल्या. पाळणाघरात दिवसातून शंभर वेळा खाली बसून उठणारी बाई ती. "माझ्या गुडघ्यांचं तिला कुणी सांगितलं?"

मापसाहेब पडद्याकडेच बघत होते.

"मी काय म्हणाले म्हणून लिहिलंत तुम्ही?"

"तू नाही म्हणालीस, गुडघे दुखतात, विमानाचीही धास्ती आहे, असं लिहिलं," मापसाहेब म्हणाले. "मला भीती वाटली गं. तू गेलीस की मी या घरात एकटा. तू रमशील तिकडे. परत येणारच नाहीस असं वाटलं मला."

मावशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मापसाहेबांना वाटलं.

"पोर तिकडे स्वतःला दोष देत पडली आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "ते कुलूप उघडा आणि फोन लावून द्या मला."

कुलपाचे आकडे मापसाहेबांना लगेच आठवले. त्यांनी मॉडेमची तार काढून फोनला लावली, नंबर फिरवला, रिसीव्हर मावशींच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. आता सगळं बाहेर येणार, हे त्यांना दिसत होतं. मुलगी पुन्हा तोंड बघणार नाही. ते निकाल ऐकायला उभे होते.

पलीकडे आवाज आला आणि मावशींचा चेहरा एकदम मऊ झाला. "बाबा नाहीत, मी आहे गं... रडू नको. रडू नको, माझी बाय ती. ऐक आधी. कसला राग? मला तर आठवतही नाही तू काय म्हणाली होतीस ते." मग त्या थांबल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं. "मीच घाबरट. विमानाची धास्ती घेऊन बसले होते, आणि गुडघ्यांचं निमित्त केलं. बाबा रोज समजावत होते मला, जा म्हणून. मीच ऐकत नव्हते. आता येते. हो, अगदी पहिलं मिळेल त्या विमानाने येते."

आयुष्यभर मापसाहेबांनी कमी भरलेलं पारडं शोधलं होतं. असं भरून वर दिलेलं कधी हातात पडलंच नव्हतं, त्यामुळे ते घ्यायचं कसं हेही त्यांना कळेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मावशींनी फोन ठेवला. "रडू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही केलं हे. अशा दिवसांत आपला बाप खोटारडा आहे हे तिला कळायला नको, म्हणून केलं. आता आधी वर जा. त्या माणसाची माफी मागून या."

मापसाहेब वर गेले. घड्याळजींनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि दार लावून घेतलं. आत या म्हणाले नाहीत. मापसाहेब जिना उतरून परत आले तेव्हा मावशींनी माळ्यावरची मोठी बॅग स्वतःच खाली ओढली होती आणि फडक्याने तिची धूळ पुसत बसल्या होत्या.

मापसाहेब दारातच उभे राहिले. विचारायचं नव्हतं, पण राहवेना.

"परत कधी येशील?"

मावशींनी बॅगेची चेन उघडून बघितली, पुन्हा लावून बघितली.

"ते तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "तुमचं तिच्याशी रोज बोलणं असतंच. मला काय, तुम्ही सांगाल तेवढं कळतं."